पाचशे तासांचा दाखला

धाकटीचा अर्ज परत आला तेव्हा मी पंधरा नंबरच्या पेशंटशी भांडत होते. म्हातारा गोळी जिभेखाली दडवायचा आणि माझी पाठ फिरली की उशीच्या अभ्र्यात सरकवायचा. "तोंड उघडा, आजोबा. अजून. जीभ वर," असं माझं चाललेलं असताना ती दारात येऊन उभी राहिली. हातात निळा प्लास्टिकचा फोल्डर होता.

"सिस्टर, परत पाठवलाय," ती म्हणाली.

आमच्या वॉर्डात दोन मावश्या. रुग्णालयात आयांना मावशीच म्हणतात, मग वय काही का असेना. थोरली मावशी साठीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार. दुसरी चौतीस वर्षांची, म्हणून ती धाकटी. खरं नाव हजेरीपटापुरतं. गेली नऊ वर्षं ती माझ्या हाताखाली होती, आणि मी त्या वॉर्डची इनचार्ज. माझा आवाज जिन्यापर्यंत जातो असं लोक म्हणतात. खोटं नाही.

तिला नर्सिंगच्या पदवीला जायचं होतं. विद्यापीठाने काढलेली माहितीपुस्तिका तिने इतक्यांदा उलटली होती की पानांचे कोपरे कानासारखे दुमडले होते. बारावीला जीवशास्त्र हवं. तिचं होतं, पण गुण कमी, म्हणून दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसून तिने तो पेपर पुन्हा दिला. पेशंटच्या जेवणाची ताटं गोळा करता करता हृदयाचे कप्पे पाठ करायची. काविळीच्या लशीचे तीन डोस हवेत. तिसरा सहा महिन्यांनी असतो, म्हणून तिने पहिला मागच्या वर्षीच टोचून घेतला होता. तंदुरुस्तीचा दाखला होता. वय पस्तिशीच्या आत हवं. पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

राहता राहिली एक अट. नोकरी करणाऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर यायचं तर रुग्णसेवेचे किमान पाचशे तास दाखवायचे, वॉर्डप्रमुखाच्या दाखल्यासह, वॉर्डच्या नोंदींसह. तो दाखला मी दिला होता. अर्ज परत आला तो त्याच्याचमुळे.

पंधरा नंबरला सोडून मी कागद हातात घेतला. लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दाखल्यात कामाचे स्वरूप व तास नाहीत. नोंदींच्या प्रती नाहीत. शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत पूर्तता न झाल्यास अर्ज बाद.' खाली माझा दाखला टाचलेला. 'सदर महिला या वॉर्डात आया म्हणून काम करतात. त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.'

नऊ वर्षांची दोन वाक्यं. थोरल्या मावशीने माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "एवढं तर भाडेकरूबद्दलसुद्धा लिहितात."

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी खेकसले.

पण बाण लागला होता. तो दाखला मी घाईत लिहिला नव्हता. चांगला विचार करून कोरडा लिहिला होता. धाकटी गेली तर माझा वॉर्ड लंगडा होणार, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी डिप्लोमावाली. सव्वीस वर्षं घासून इनचार्ज झाले. ही पदवी घेऊन आली की पाच-सात वर्षांत माझ्या डोक्यावर बसेल, मी जिला काल लादी पुसायला सांगत होते ती. हे मनात आलं होतं, आणि ते मनात असतानाच मी शिक्का मारला होता.

"काय रडतेस," मी तिला म्हटलं. ती रडत नव्हती. "नोंदी हव्यात ना? नोंदी देऊ. माझा वॉर्ड आहे, रजिस्टरांनी कपाटं भरलीत."

बुधवारची दुपार होती. आम्ही दोघी सामानाच्या खोलीत बसून रजिस्टरं काढायला लागलो.

जे पेशंट स्वतः हलू शकत नाहीत त्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठीला, माकडहाडाला कातडी दबून जखम होते, तिला आम्ही बेडसोर म्हणतो. एकदा झाली की हाडापर्यंत जाते. म्हणून प्रत्येक दिवसाचा तक्ता असतो. खाट नंबर, वेळ, डावी कूस की उजवी, आणि सही. आमच्या वॉर्डात वर्षानुवर्षं जवळजवळ एकही बेडसोर नाही. त्याचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून माझ्या खुर्चीमागे लावलंय, माझ्या नावाचं.

पहिलं रजिस्टर उघडलं. दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता. सगळीकडे माझी सही. दुसरं उघडलं. माझी सही. सातव्या रजिस्टरापर्यंत आम्ही पोचलो, तेव्हा माझं पान उलटणं आपोआप हळू झालं.

सही फक्त सिस्टरने करायची हा नियम. कूस बदलायची मावशीने, हा रिवाज. मी दुपारी दोनला ड्यूटी संपताना टेबलाशी बसून सगळे रकाने एका दमात भरायचे. बारावर सही, चहाचा घोट, दोनवर सही. खोटं लिहितोय असं कधी वाटलंच नाही, कारण काम झालेलं असायचं. धाकटी असताना काम झालेलंच असायचं.

"सिस्टर, आठवतं?" ती पानांकडे बघत म्हणाली. "पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, मी केलं तिथे माझं नाव लिहू का म्हणून."

आठवत होतं. तिने माझं टेबलावरचं पेन नुसतं उचललं होतं, आणि मी सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं होतं, 'तुझे हात कामाला, आमचे लिहायला. ठेव ते.' नव्या पोरी आल्या की मी त्यांना मोठ्या तोऱ्यात शिकवते, जे लिहिलं नाही ते केलं नाही. नर्सिंगचा पहिला धडा. त्या हिशेबाने धाकटीने नऊ वर्षांत काहीच केलं नव्हतं. माझ्या सासूबाई आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांना फार नावं ठेवायच्या. मी तर रेघोट्या ओढून वर सहीही ठोकली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तोंड बंद राहील ती मी कसली. "हे बघ," मी म्हटलं, "रकान्यात बाजूला जागा आहे. तू तुझी सही टाक सहीशेजारी. जुनं काळं पेन आहे माझ्याकडे. कोण बघायला येतंय?"

तिने रजिस्टर मिटलं.

"मागून लिहायचं नाही, सिस्टर. तुम्हीच शिकवलंत."

"मी तुला कधी शिकवलं?"

"त्यांना शिकवत होतात. मी लादी पुसत होते."

ती उठून गेली. दोन वाजले होते, कुशी बदलायची वेळ झाली होती.

घरी गेल्यावर माझं जेवणात लक्ष नव्हतं. नवरा म्हणाला, "आज कुणावर ओरडली नाहीस का? चेहरा उतरलाय." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नुसतं विचारलं, "पण मग तू त्या वेळी कुठे असायचीस?"

म्हटलं, कुठे म्हणजे? वॉर्डात. औषधांच्या ट्रॉलीवर, फोनवर, डॉक्टरांच्या राउंडला. आणि मंगळवारी मेट्रनबाईंच्या मीटिंगला, अकरा ते एक. हे म्हटलं आणि घास हातातच राहिला. मीटिंगच्याही वहीत सही करावी लागते. येताना वेळ टाकून, जाताना वेळ टाकून.

गुरुवारी सकाळी मी मेट्रनबाईंकडे जाऊन मीटिंगची वही मागितली. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो, त्यामुळे एकमेकींना अगं-तुगं करतो. तिने विचारलं कशाला, आणि मी सांगितलं. दर मंगळवारी बाराच्या ठोक्याला माझी सही इथे वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे खाली वॉर्डातही आहे. दोन्हींतली एकच खरी असू शकते. वॉर्डातली खोटी आहे असं मी लिहून देणार, आणि त्या दोन तासांत कुशी बदलणं, पाठ पुसणं, पाणी पाजणं कुणी केलं तेही. दुसरी सिस्टर त्या वेळी इंजेक्शनांत असायची, तिचीही सही जोडणार.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "हात दाखवून अवलक्षण करून घेतेयस. चौकशी लागेल. तुझं इनचार्जपद जाईल. दहा वर्षं काढायचीत तुला अजून."

"लागू दे."

"एका आयेसाठी?"

कालपर्यंत मीही असंच म्हटलं असतं. मी वही उचलली आणि खाली आले.

दिवसभर मी दोन्ही वह्यांतून तारखा जुळवत बसले. माझ्या रजा वगळल्या, सुट्ट्या वगळल्या, मीटिंग रद्द झालेले मंगळवार वगळले. झेरॉक्सवाला म्हणाला, "सिस्टर, पुस्तक छापताय की काय?" शेवटी आकडा आला, दोनशे त्रेसष्ट मंगळवार. दोन तासांनी गुणलं की पाचशे सव्वीस. मी दोनदा गुणून बघितलं. मग एक तक्ता आखला. तारीख, वॉर्डातली सही कुणाची, त्या वेळी सही करणारी कुठे होती, प्रत्यक्ष काम कुणी केलं. शेवटच्या रकान्यात दोनशे त्रेसष्ट वेळा धाकटीचं हजेरीपटावरचं नाव लिहिलं. हात दुखला. दुखू दे म्हटलं, निदान एवढं तरी याच हाताने केलं.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला हलकं वाटत होतं. चूक केली, कबूल केली, भरपाईही केली. आपण बऱ्याच मोठ्या मनाच्या आहोत असंही कुठेतरी वाटून गेलं.

शुक्रवारी ड्यूटी संपवून आम्ही विद्यापीठात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. प्रवेश विभागाच्या खिडकीसमोर रांग होती. बहुतेक मुली सतरा-अठराच्या, सोबत आईबाप. धाकटी त्यांच्यात त्यांच्या मावशीसारखीच दिसत होती. उमेदवाराने सर्व कागद वाचून सही करावी, असा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. म्हणून आम्ही बाकावर बसलो आणि मी तिला माझं पत्र आणि तक्ता दिला. आधी दाखवायचं मला सुचलं नव्हतं. तिला एकदम द्यायचं होतं, बक्षिसासारखं.

तिने माझं पत्र वाचलं. 'वरील सर्व नोंदींवरील सही माझी असून काम माझे नाही.' ते वाक्य तिने दोनदा वाचलं असावं, कारण बोट तिथेच थांबलं होतं. मग तक्ता घेतला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली जायला लागली.

"हा मंगळवार माझा नाही," ती म्हणाली. "मुलीला गोवर आला होता. थोरली होती त्या दिवशी."

ती पुढे गेली. "हाही नाही. हाही."

मी माझ्या रजा तपासल्या होत्या. तिच्याही रजा असू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी धाकटी म्हणजे वॉर्डातला पंखा, बटण दाबलं की चालू.

"अगं, राहू दे ना एखादा," मी कुजबुजले. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय," ती म्हणाली.

आठ मंगळवार थोरलीचे निघाले. तिने माझ्याकडून पेन घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि शेजारी थोरलीचं नाव लिहिलं. मी मनात आकडे मोजत होते. पाचशे दहा. अजून वर होतो. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"इथे?" मी विचारलं. "इथेही थोरली?"

"थोरलीचं गुडघ्याचं ऑपरेशन त्या महिन्यातच झालं. ती नव्हती. मी आईला घेऊन दवाखान्यात होते, सोमवार ते गुरुवार."

"मग कोण होतं?"

"कुणीच नाही, सिस्टर."

ओळीवरची तारीख मी आत्ता नीट वाचली. नऊ नंबरची खाट. शिंपी. फुप्फुसाला सूज येऊन तापात ग्लानीत पडलेला, स्वतः बोटही हलवता येत नव्हतं. पंधरा दिवसांत घरी जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. ते चार दिवस बदली मावशी मिळाली नव्हती, आणि मी रोज दोन वाजता टेबलाशी बसून चार चार रकाने भरले होते. डावी, उजवी, डावी, उजवी. शुक्रवारी धाकटी परत आली, त्याची पाठ पुसायला घेतली आणि ओरडली. माकडहाडावर तळहाताएवढी जखम. मी धावत गेले होते, आणि मग सगळ्यांसमोर तिलाच फैलावर घेतलं होतं. वर्षानुवर्षं एकही बेडसोर नाही, आणि आज तुझ्या हातात हा सापडतो? काय केलंस तू याला?

"तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, रजिस्टर स्वच्छ आहे."

म्हणाले होते. तोच शब्द. तो माणूस पंधरा दिवसांऐवजी अडीच महिने पालथा पडून राहिला. रोज दोनदा ड्रेसिंग, आणि ते करताना त्याचा हात धरून धाकटी उभी असायची. त्याच्या बायकोने जाताना माझे आभार मानले होते. मी ते घेतले होते.

पावणेपाच होत आले होते. रांग संपली होती. धाकटीने पेन माझ्यापुढे धरलं.

"ही ओळ पूर्ण काढून टाका. माझे पाचशे आठ होतात, पुरेत. हिचा अर्जाला उपयोग नाही."

तिने सहज म्हटलं. मला वाचवायला म्हटलं असेल, किंवा नुसता हिशेब म्हणून. एक रेघ मारली असती तर त्या मंगळवारचं कुणाला काही कळलं नसतं, मेट्रनबाईंनाही नाही. चौकशी झाली असती ती दुसऱ्याच्या कामावर सही केल्याची. न झालेल्या कामाची नाही. या दोन्हींत केवढं अंतर आहे ते कुठल्याही नर्सला विचारा.

मी ओळ ठेवली. शेवटच्या रकान्यात तिचं नाव खोडलं आणि लिहिलं, 'कुणीही नाही.' मग खाली आणखी तीन तारखा जोडल्या. त्या मंगळवार नव्हत्या, त्यांना मीटिंगच्या वहीचा पुरावा नव्हता. सोमवार, बुधवार, गुरुवार. त्यांच्यापुढेही तेच लिहिलं आणि सही केली. आयुष्यात इतक्या सावकाश सही मी केली नव्हती.

खिडकीतल्या कारकुनाने तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. "या चार ओळी कशाला? उमेदवाराला यांचे तास मिळणार नाहीत."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग?"

"नोंद आहे," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला.

आम्ही जिना उतरत होतो. धाकटी फोल्डर छातीशी धरून एक पायरी पुढे होती. मला तिची माफी मागायची होती, पण माझ्यासारखीला नुसतं ओरडता येतं. मी "धाकटे" एवढंच म्हटलं. ती थांबली.

"तो शिंपी अजून तिथेच असतो," ती पुढे बघत म्हणाली. "बाजारामागच्या गल्लीत. प्रवेश मिळाला तर गणवेश त्याच्याकडेच टाकणार आहे."

"बरा आहे?"

"बरा आहे. फार वेळ बसवत नाही त्याला."

शिंप्याला. मी कठडा धरला.

"मापं द्यायला जाशील तेव्हा मी येऊ?" मी विचारलं.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं असेल, किंवा मीच पहिल्यांदा बघू दिलं असेल.

"या," ती म्हणाली. "पण सांगायचं तुम्ही."

पुढच्या आठवड्यात यादी लागली. तिचा नंबर अकरावा. त्याच दिवशी माझ्या नावाचं चौकशीचं पत्रही आलं, आणि मी खुर्चीमागची फ्रेम उतरवून ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला आहे. थोरली मावशी म्हणाली, "कॅलेंडर लावा तिथे." मी अजून काही लावलेलं नाही.

शनिवारी आम्ही गेलो. अरुंद दुकान, एक मशीन, कापडांचे गठ्ठे. मशीनखाली विटा रचून ते कमरेएवढं उंच केलेलं, आणि तो उभ्यानेच शिवत होता. धाकटीला बघून हसला. मग मला बघितलं आणि हातातलं कापड खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

"अरे, सिस्टर! बायकोला रोज सांगतो, त्या होत्या म्हणून वाचलो." त्याने फडक्याने स्टूल पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "बसा. मला काय, मी उभाच बरा."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.